माझं कार्ड, त्याचं कॅबिनेट

दुसरं ग्राफिक कार्ड लावलं की गेम दुप्पट वेगाने चालतो, असं मानणाऱ्या माणसाशी माझं लग्न झालं. लग्नाआधी मला हे माहीत नव्हतं. बाकी सगळं विचारून झालं होतं: नोकरी कुठे, घर स्वतःचं की भाड्याचं, चष्म्याचा नंबर किती, मासे चालतात का. हा एवढाच प्रश्न राहून गेला, आणि पहिल्या वर्षात आमची जी काही भांडणं झाली त्यातली निम्मी त्याच्यावरून झाली. उरलेली निम्मीही, आज विचार केला तर वाटतं, त्याच्यावरूनच होती, फक्त नाव वेगळं होतं.

गेम न खेळणाऱ्यांसाठी सांगते. ग्राफिक कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या आत बसणारा, चांगला विटेएवढा एक भाग. गेममधली चित्रं भराभर तयार करून पडद्यावर पाठवायची, हे त्याचं काम. आठ-नऊ वर्षांपूर्वी एकाच कॉम्प्युटरमध्ये सारखीच दोन कार्डं बसवायची, दोघांना वरून एक छोटी पट्टी जोडायची आणि एकाच गेमला जुंपायचं, अशी सोय असायची. पुढे ती सोय बनवणाऱ्यांनीच जवळपास गुंडाळून टाकली. ती बातमी वाचली तेव्हा मी ऑफिसमध्ये एकटीच टाळी वाजवली होती. नवरा हे वाचेल तेव्हा म्हणेल, "पण आकडा वाढला होता ना?" तो अजूनही हेच म्हणतो.

तो मला बघायला आला तो घाटकोपरला, आमच्या घरी. पोहे झाले, चहा झाला, मग मोठ्या माणसांनी नेहमीप्रमाणे "तुम्ही दोघं जरा आत बोला" असं म्हणून आम्हाला माझ्या खोलीत पाठवलं. खोली कसली, पार्टिशन घालून केलेला एक तुकडा. त्यात एक पलंग आणि एक टेबल. टेबलाखाली माझ्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग आत असलेलं खोकं होतं, आणि उकाड्यामुळे मी त्याची एका बाजूची पत्र्याची झाकणी काढून ठेवली होती. तो खुर्चीवर बसला, त्याची नजर खाली गेली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "हे कार्ड तुमचं आहे?"

"मग कोणाचं असणार?"

"माझ्याकडे हेच आहे. सेम मॉडेल."

त्यानंतर आम्ही अर्धा-पाऊण तास बोललो आणि त्यात स्वयंपाक येतो का, एकत्र कुटुंबात राहशील का, यातलं काहीही निघालं नाही. कोणते गेम, किती वर्षं, टीममध्ये खेळतेस की एकटी. बाहेरून बाबांनी दोनदा खाकरून बघितलं. पत्रिका जुळली होती की नव्हती ते मला आठवत नाही, पण कार्ड जुळलं याचा मला जो आनंद झाला होता तो मी आजही नाकारणार नाही. ते कार्ड मी माझ्या पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलं होतं. घरात कोणालाच ते काय आहे ते कळलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलंही नव्हतं. माझं असं ठरवून घेतलेलं ते पहिलंच.

साखरपुड्यापासून लग्नापर्यंतचे महिने फार छान गेले. तो बोरीवलीला, मी घाटकोपरला. ऑफिसमधून आलो की दोघं आपापल्या कॉम्प्युटरसमोर बसायचो, कानाला हेडफोन लावायचो आणि एकाच टीममध्ये खेळायचो. लोक लग्न ठरल्यावर फोनवर काय बोलतात मला माहीत नाही. आम्ही "मागे बघ, मागे बघ!" आणि "अगं थांब, एकटी जाऊ नकोस" असं बोलायचो. तो खेळताना फार चांगला वागतो. मी मेले तर आधी मला उठवायला येतो, मग स्वतःचं बघतो. एवढ्यावरून माणसाची पारख होते असं मला तेव्हा वाटत होतं.

लग्नानंतर माझं सामान टेम्पोतून बोरीवलीला आलं. कपाट, कपडे, भेटी म्हणून आलेली भांडी आणि माझा कॉम्प्युटर. घर एक बेडरूमचं. हॉलमध्ये दिवाण, टीव्ही आणि गॅलरीच्या दाराशी नवऱ्याचं कॉम्प्युटर टेबल. बेडरूममध्ये पलंग आणि आता माझं कपाट. दोन्हींच्या मधून आडवं होऊन चालावं लागायचं.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधीच सांगते. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, माहेराबद्दल त्यांनी कधी वावगा शब्द काढला नाही. फक्त त्यांचा एक हिशेब होता: एका घरात दोन कशाला? माझा मिक्सर आला, त्यांचा होताच, मग माझा माळ्यावर. इस्त्री दोन झाल्या, माझी माळ्यावर. कुकर, भिंतीवरचं घड्याळ, पाण्याचा फिल्टर, सगळं तसंच. मुंबईत लग्न झालेल्या बऱ्याच मुलींचा अर्धा संसार असा दुसऱ्याच्या माळ्यावर खोक्यात पडलेला असतो, आणि तो नेहमी मुलीचाच असतो, कारण दुसरा आधीपासून तिथे असतो. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. जो आधी आला त्याची जागा, इतकं साधं.

मिक्सरचं मला काही वाटलं नाही. मग सासूबाई माझ्या कॅबिनेटकडे बघून म्हणाल्या, "हा पण आहे की आपल्याकडे. एका घरात दोन कशाला गं?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो काहीतरी बोलेल असं मला वाटलं, आणि तो बोललाही. त्याचे डोळे एकदम चमकले.

"अगं, भारी आयडिया आहे! तुझं कार्ड माझ्यात टाकू. दोन सेम कार्डं. डबल पॉवर! एकच मशीन, पण दोघांचं."

"अरे, डबल होत नाही ते," मी म्हटलं.

"कोण म्हणतं? मी वाचलंय."

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते, अंधेरीला. दिवसभर दुसऱ्यांनी "चालतंय" म्हणून सांगितलेल्या गोष्टी चालत नाहीत हे सिद्ध करणं, हाच माझा धंदा. त्यामुळे मी त्याला नीट समजावलं. म्हटलं, दोन कार्डांची मेमरी एकमेकांत मिसळत नाही, ती एका कार्डाएवढीच राहते. गेम बनवणाऱ्याने मुद्दाम सोय केली असेल तरच दुसरं कार्ड कामाला लागतं. आपला मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो, त्याच्यावर कितीही पाठवली तरी ती दिसणार नाहीत. आणि बोरीवलीच्या उकाड्यात एकाला एक चिकटून दोन कार्डं म्हणजे तंदूर होईल.

तो सगळं ऐकून म्हणाला, "ट्राय तर करू. नाही चाललं तर काढू."

नाही चाललं तर काढू! हे वाक्य मी ऑफिसमध्ये इतक्यांदा ऐकलं आहे. एकदा बसवलेलं कोणी काढत नाही. हे मला पक्कं माहीत होतं आणि तरी मी हो म्हटलं. नवी नवी सून, हॉलमध्ये सासू-सासरे बसलेले, टेम्पोवाला खाली हॉर्न मारतोय. नाही म्हणायला जे लागतं ते त्या क्षणी माझ्याकडे नव्हतं. आणि खरं सांगायचं तर "दोघांचं" हा शब्द मला आवडला होता. ठरलं असं, की एक दिवस तो खेळणार, एक दिवस मी.

रविवारी त्याने माझं कॅबिनेट उघडलं. कार्ड काढलं, त्याच्या कार्डाखाली बसवलं. मग लक्षात आलं की दोन कार्डांना पुरेल एवढी वीज देणारा सप्लाय त्याच्याकडे नाही. माझा मोठा होता, मी पुढचा विचार करून घेतलेला. तोही निघाला. उरलेलं माझं कॅबिनेट त्याने मॉनिटरसकट जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर मिक्सरच्या शेजारी सरकवलं. मी स्टूल धरून उभी होते.

कॉम्प्युटर चालू झाला. त्याने एक मोठा गेम लावला, ज्यात घोड्यावरून माळरान पार करायचं असतं. कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं तयार होतात त्याचा आकडा दिसत होता.

"बघ! बघ कोपऱ्यात! आधी पन्नास असायचा. आता ऐंशी! झकास!"

"अरे, पण अडकतंय."

"कुठे अडकतंय?"

"तो घोडा बघ. पळतोय की ठेचकाळतोय?"

"तुला सवय नाहीये. ऐंशी आहेत यार, ऐंशी!"

"मॉनिटर साठच दाखवतो."

"तू ना, कौतुक म्हणून करणार नाहीस कधी."

खरंच अडकत होतं. दोन कार्डं आळीपाळीने चित्रं पाठवतात. एकाचं लगेच येतं, दुसऱ्याचं क्षणभर उशिरा. मोजायला गेलं तर संख्या जास्त, बघायला गेलं तर हिसके. मला ते डोळ्यांत खुपत होतं आणि त्याला दिसतच नव्हतं, कारण तो घोड्याकडे बघतच नव्हता. तो आकड्याकडे बघत होता. त्याने एकाच दिवशी कार्ड, सप्लाय, ड्रायव्हर म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर आणि विंडोजची सेटिंग्ज असं सगळं बदललं होतं. आमच्या कामात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "हे ऑफिस नाहीये गं."

आठवड्याभरात तंदूरही झाला. वरच्या कार्डाला हवा मिळेना, ते तापायचं, तापलं की आपणहून मंदावायचं. मग त्याने कॅबिनेटची झाकणी काढली आणि घरातला एकुलता एक टेबल फॅन त्याच्याकडे तोंड करून लावला. सासूबाई स्वयंपाकघरातून घाम पुसत बाहेर आल्या, ते बघितलं आणि म्हणाल्या, "मला ओट्यापाशी पंखा नाही आणि त्या खोक्याला पंखा!" त्या घरात पहिल्यांदाच आम्ही दोघी एका बाजूला होतो. मी जोरात "बघा ना, आई" म्हटलं. नवरा म्हणाला, "तुझंच कार्ड थंड ठेवतोय." माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

आता माझा दिवस. माझा दिवस कधी येतच नव्हता असं नाही. यायचा, पण येताना संध्याकाळची कामं घेऊन यायचा. मी ऑफिसमधून आले की कणीक मळायची असायची. ती मळून होईपर्यंत सासऱ्यांच्या बातम्या लागायच्या आणि त्यांना हेडफोनमधून येणारा कटकट आवाजही ऐकू यायचा, असं ते म्हणायचे. मग जेवणं. जेवणं झाली की सासू-सासऱ्यांची अंथरुणं हॉलमध्येच पडायची आणि कॉम्प्युटर बंद. नवऱ्याच्या दिवशी हेच घर, हेच सासरे, याच बातम्या. पण त्याला कोणी कणीक मळायला बोलवत नव्हतं, आणि त्याचा कटकट आवाज लहानपणापासूनचा असल्यामुळे कोणाच्या कानाला लागत नव्हता.

एकदा जमलं. सासरे बाहेर गेले होते, भाजी सकाळीच केलेली. मी बसले आणि रंगात आले. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू विरजण मागायला आल्या. मी हेडफोनमध्ये ओरडत होते, "तू पुढे हो, मी मागून सांभाळते!" काकू बघतच राहिल्या. सासूबाई चटकन म्हणाल्या, "ऑफिसची मीटिंग चालू आहे तिची. घरी आली तरी सोडत नाहीत मेले."

त्यांनी मला सांभाळून घेतलं, हे मला कळतं. पण नवरा खेळत असताना कोणी आलं तर त्या म्हणायच्या, "खेळतोय." नुसतं एवढंच. तो खेळतोय आणि माझी मीटिंग! मला इतकं अपमानास्पद वाटलं की मी ती मॅच अर्धवट सोडून उठले आणि विरजण मीच काढून दिलं.

आणि या सगळ्यात एक गोष्ट घडायची थांबली होती. ती लक्षात यायलाही मला वेळ लागला. आम्ही दोघं आता एकत्र खेळतच नव्हतो. कसे खेळणार? एकच मशीन, एकच खुर्ची. लग्नाआधी तो घाटकोपर आणि बोरीवलीच्या मधलं सगळं अंतर ओलांडून रोज संध्याकाळी माझ्याबरोबर असायचा, आणि आता हाताच्या अंतरावर त्याची पाठ असायची. तो खेळायचा, मी दिवाणावर बसून मटार सोलत बघायचे. कधीकधी तो उत्साहात वळून म्हणायचा, "बघितलंस का?" मी बघितलेलं असायचं.

एके दिवशी मला सुट्टी होती, नवरा ऑफिसला गेला होता आणि सासू-सासरे एका बारशाला. मी घर आवरलंच नाही. थेट कॉम्प्युटर लावला आणि रीतसर टेस्ट केली, जशी ऑफिसमध्ये करते तशी. प्रत्येक कार्ड किती काम करतंय ते दाखवणारा आलेख बाजूला उघडला. आम्ही दोघं लग्नाआधी रोज जो गेम खेळायचो, तोच लावला, आणि नवरा आताही बहुतेक वेळ तोच खेळायचा. त्याच्या कार्डाची रेघ वर चढली, वरच राहिली. माझ्या कार्डाची रेघ तळाला. मला वाटलं, आलेख बिघडला. गेम बंद करून परत लावला. सेटिंग बदललं, परत लावला. पट्टी काढून बसवली, परत लावला. शून्य.

त्या गेममध्ये दोन कार्डांची सोयच नव्हती. माझ्या कार्डाचा पंखा फिरत होता, दिवा लागलेला होता, ते वीज खात होतं, शेजाऱ्याला तापवत होतं आणि काम काहीही करत नव्हतं. इतके महिने. मला रडू फुटलं. ग्राफिक कार्डासाठी माणसं रडत नाहीत, हे मला कळतं. पण माझ्या मशीनमध्ये ते एकटं सगळा गेम ओढायचं, आणि इथे त्याला नुसतं नेऊन बसवलं होतं. मला त्याची दया आली आणि मग राग आला, आधी नवऱ्याचा, मग माझा.

संध्याकाळी तो बूट काढतो न काढतो तोच मी त्याला आलेख दाखवला.

त्याने बराच वेळ बघितलं. "पण घोड्याच्या गेममध्ये तर चालतं ना."

"तो तू शेवटचा कधी खेळलास?"

"पुढच्या अपडेटमध्ये याच्यातही सोय करतील."

"तोपर्यंत?"

"तोपर्यंत राहू दे ना गं आत. काढून तरी काय करणार आहेस? माळ्यावरच जाणार ना?"

तो हे वाईट हेतूने बोलला नाही. चहा कुठे आहे विचारावं तितक्या सहज बोलला, आणि म्हणूनच ते मला इतकं लागलं की मी तशीच उठले. चहा टाकायला आत गेले.

दसऱ्याला सासूबाईंनी नेहमीप्रमाणे घरातली हत्यारं पुजायला काढली. विळी, सासऱ्यांचा पाना-पक्कड, सासूबाईंचं शिलाई मशीन, नवऱ्याचा कॉम्प्युटर. सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूचं फूल. मला म्हणाल्या, "तुझं काही असेल तर आण गं पूजेला."

घाटकोपरला दरवर्षी बाबा माझ्या कॅबिनेटला हार घालायचे, त्यावर गेल्या वर्षीच्या कुंकवाचा डाग तसाच असायचा. मी म्हटलं, "माझं ह्याच्यातच आहे, आई."

"मग बरं झालं," त्या खूश होऊन म्हणाल्या. "एकातच दोघांचं झालं." आणि त्यांनी तबक माझ्या हातात दिलं. नवऱ्याच्या कॅबिनेटला हळदीकुंकू मी लावलं. बोट कुठे टेकवायचं ते मला क्षणभर सुचेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यात थेंब घालायला, स्वयंपाक करायला मी जाणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. आदल्या दिवशी मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन खाली बसले.

"काय करतेस?" नवऱ्याने विचारलं.

"माझं कार्ड नेतेय."

"चार दिवसांसाठी?"

"हो."

"अगं, आकडा खाली येईल ना माझा!"

मी पहिला स्क्रू काढला. तो फुरंगटून दिवाणावर जाऊन बसला. मग टेबलाखाली मला नीट दिसत नाहीये हे बघून उठला आणि मोबाइलचा टॉर्च धरून उभा राहिला. तेवढा तो चांगला आहे. मी कार्ड काढलं, माझा सप्लाय काढला, त्याचा जुना त्याला परत बसवून दिला, तारा बांधून दिल्या आणि कॉम्प्युटर चालू करून दाखवला. मग स्टुलावर चढून माझं कॅबिनेट आणि मॉनिटर माळ्यावरून काढले. चादरीवर धुळीचा थर होता.

सासूबाई म्हणाल्या, "आईचं ऑपरेशन आणि हे खोकं कशाला नेतेस?"

"तिकडे जागा आहे," मी म्हटलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. खरंच तिकडे जागा होती.

रिक्षात मॉनिटर पायाशी ठेवला आणि कॅबिनेट मी मांडीवर घेऊन बसले. जोगेश्वरी-विक्रोळी रोडच्या प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी आवळत होते. घाटकोपरला बाबांनी माझ्या टेबलावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवले होते. मला कॅबिनेट घेऊन दारात बघितल्यावर त्यांनी काही न विचारता ते कपडे उचलले.

आईचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. काळा गॉगल घालून ती पलंगावर बसायची आणि तिथून मला फोडणीच्या सूचना द्यायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी मला जरा उसंत मिळाली. मी कार्ड बसवलं, मॉनिटर लावला, तो गेम उघडला. मित्रांच्या यादीत नवऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. त्याने लगेच बोलावलं.

आम्ही खेळलो. किती महिन्यांनी! माझ्या मशीनवर एकही हिसका नव्हता. एक कार्ड, एक काम. तो डावीकडून, मी उजवीकडून. मी एकदा घाई करून मेले तर सगळं सोडून मला उठवायला आला. "अगं थांब, एकटी जाऊ नकोस," म्हणाला. मला हसू आलं.

"आज काय मजा आली यार," तो म्हणाला. "अगदी आधीसारखी. आणि तुला सांगू? तू कार्ड काढल्यापासून माझं मशीन पण एकदम स्मूथ चाललंय. अडकतच नाही!"

मी कपाळाला हात लावला. तो हे असं सांगत होता, जसा काही त्यालाच शोध लागला होता.

आईचा गॉगल निघाला, ती पुन्हा ओट्यापाशी उभी राहू लागली, तिला माझी गरज उरली नाही. मी मात्र उद्या जाते, परवा जाते करत राहिले. रोज संध्याकाळी आम्ही खेळत होतो. लग्नानंतरचे ते आमचे सगळ्यात चांगले दिवस होते आणि ते मी माहेरी काढत होते, याचा मला वैताग येत होता. एक दिवस मॅच संपल्यावर तो म्हणाला, "घरी कधी येतेस?"

मी बोलायच्या आत त्याच्या मागून सासूबाईंचा आवाज आला. "कोणाशी बोलतोयस रे?"

"हिच्याशी."

"मग विचार तिला, साबुदाण्याचा डबा कुठे ठेवलाय. कधीची शोधतेय."

"अगं, आई विचारतेय..."

"ऐकलं मी. ओट्याखाली, डाव्या कप्प्यात, पोह्यांच्या मागे."

त्याने ते ओरडून आत सांगितलं. कप्पा उघडल्याचा आवाज आला, "मिळाला, मिळाला" असंही ऐकू आलं. मग तो पुन्हा म्हणाला, "सांग ना. कधी येतेस?"

"तू सांग. माझं टेबल कधी येतंय?"

हेडफोनमध्ये टेबल फॅन घरघरत होता. "पण ठेवायचं कुठे गं?" तो म्हणाला. अगदी मनापासून विचारत होता.

"त्या घरात साबुदाणा कुठे असतो ते मला इथे बसून सांगता येतं," मी म्हटलं. "तू तर तिथेच जन्मलास. टेबल कुठे बसेल ते तू शोध." आणि पुढची मॅच मी एकटीने सुरू केली.